यादीत नाव नाही

करंजटेंभी, ता. पेठ
५ जानेवारी २०२५

राखी,

अक्षर ओळखीचं वाटेल, पण पाकिटावरचं नाव अनोळखी असेल. नाव इथल्या मालकाचं आहे, गावितांचं. पत्र मात्र तुझ्या निवृत्ती मामाचंच आहे. वाचून झालं की तुझ्या आईला दाखव, दुसऱ्या कोणाला नको.

घर सोडून पाच महिने झाले. मामा गुजरातला कामाला गेला, असं मामीने सगळ्यांना सांगितलं असेल. तसं नाही. ऑगस्टात दोन पोलीस घरी आले. मी मागे मोरीपाशी दाढी करत होतो. त्यातला एक म्हणाला, "निवृत्ती पगार हितंच राहतो ना? वॉरंट हाय त्याच्या नावाचं." तुझी सुलामामी म्हणाली, "घरी नाय." अर्धी दाढी झाली होती. तसाच मागच्या दाराने निघालो आणि जुन्या ओळखीवर इथे येऊन पडलो.

इथे गावितांच्या रोपवाटिकेत राखणदारी करतो. आंब्याची आणि काजूची कलमं आहेत. दिवसभर हिरव्या जाळीखाली असतो, रस्त्यावर जात नाही. जीप थांबली की कलमांमागे जाऊन बसतो. मोबाईल घाटात फेकून दिला. मोबाईलवरून माणूस कसा सापडतो ते टपरीसमोरच्या पोलीस चौकीतच ऐकलं होतं, म्हणून पत्र लिहितोय.

तू कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असतेस. पोलिसांना जे पाहिजे असतात त्यांची यादी सगळ्यांना बघता येते म्हणतात. त्यात माझं नाव आहे का बघ. फोटो असेल तर तेही सांग. घरी कधी यायचं, यायचं की नाही, हे एकदाचं कळू दे. मी चोरी केली नाही की कोणाला मारलं नाही.

मामीच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर होतं. झालं का?

तुझा मामा,
निवृत्ती


गंगापूर रोड, नाशिक
१४ जानेवारी २०२५

मामा,

आज संक्रांत. तिळगूळ पाठवायचा तर पाकिटावर कोणाचं नाव घालू? गावितांनी खाल्ला तर गोड कोण बोलणार?

आई पत्र वाचून आधी रडली, मग तुम्हाला शिव्या दिल्या. मला शिव्याच जास्त पटल्या. पाच महिने आम्ही मामीला विचारतोय, मामाचा फोन का लागत नाही, आणि ती बिचारी सांगतेय की तिकडे रेंज नाही.

तुमचं काम मी जेवणाच्या सुट्टीत केलं. पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावर पाहिजे असलेल्या आरोपींचं पान आहे. नाशिक शहर पाहिलं, ग्रामीण पाहिलं, शेजारचे जिल्हेही पाहिले. एकेक मिशाळ चेहरा मोठा करून बघत होते, तेवढ्यात मागून आमच्या कारकून बाई म्हणाल्या, "स्थळं बघतेस का गं?" मी म्हटलं, "हो, पण सगळी फरार आहेत."

त्यात तुमचं नाव नाही, फोटोही नाही. मग पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे पाहिले. ते आता कोणालाही वाचता येतात. त्यानंतर कोर्टाच्या साइटवर गेले. तिथे नाव टाकायचं, वर्ष टाकायचं, वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची, मग खटल्यांची यादी येते. दहा वर्षं मागे गेले. एक निवृत्ती पगार निफाडला निघाला, पण त्याचा बांधावरून भावाशी वाद आहे. तो तुम्ही नाही. तुमच्या नावाने एकही खटला नाही.

मग पोलीस काय तुमच्या टपरीवरच्या चहाची आठवण आली म्हणून आले होते? मामा, वॉरंट आपोआप उगवत नाही. काय झालं ते नीट लिहा. अर्धवट सांगाल तर मी अर्धवटच शोधणार.

मामीचं ऑपरेशन झालं. आई तीन दिवस तिच्याजवळ राहिली. आता दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालावे लागतात. ते स्वतःचे स्वतःला घालता येत नाहीत, म्हणून मामी रोज शेजारच्या कलाबाईंच्या दारात जाऊन मान वर करून उभी राहते. तुम्हाला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहितेय.

राखी


करंजटेंभी
२२ जानेवारी २०२५

राखी,

वाईट वाटलं. तुझ्या मनासारखं झालं.

तुझ्या साइटवर नाव नसेल, पण पोलिसाच्या हातात कागद होता. तो मी फटीतून पाहिला. लोकांना दाखवायची यादी वेगळी असेल आणि त्यांची स्वतःची वेगळी. मी सतरा वर्षं पिंपळटेक चौकीसमोर टपरी चालवली, मला थोडंफार कळतं.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. मी पंच होतो. गावातले पंच वेगळे, हे पोलिसांचे. पोलिसांनी एखादी वस्तू जप्त केली की बाहेरची दोन माणसं साक्षीला लागतात. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनाम्याच्या कागदावर सही करायची. पुढे खटला चालला की कोर्टात जाऊन सांगायचं, हो, माझ्यासमोर झालं. या कटकटीत कोणाला पडायचं नसतं, पंच म्हटलं की माणसं पळतात. माझी टपरी हाकेच्या अंतरावर. "निवृत्तीभाऊ, दोन मिनटं या." मी जायचो. वर्षाला तीन-चार तरी सह्या व्हायच्या. त्या बदल्यात मला काही मिळालं नाही. फक्त अतिक्रमणाची गाडी आली की आजूबाजूच्या टपऱ्या उचलल्या जायच्या आणि माझी राहायची. ते मिळालंच म्हणायचं.

दोन वर्षांपूर्वी एका खटल्यात साक्षीला गेलो होतो. तिथे कोर्टाच्या व्हरांड्यात एक वकील दुसऱ्याच एका पंचावर ओरडत होते. "खोटं बोललास तर सात वर्षं आत जाशील." त्या दिवसापासून माझी झोप गेली. मग रस्ता रुंद झाला, टपरी गेली, आम्ही खोली बदलून सातपूरला आलो. नवा पत्ता मी चौकीत दिला नाही, मुद्दामच. तरी ऑगस्टात त्यांनी घर शोधून काढलंच.

तुला शोधायला धागा हवा तर एक खटला सांगतो. नोव्हेंबर २०२२. स्कूटरवरच्या बाईची सोनसाखळी ओढली, बाई पडली, हात मोडला. त्यात एक रंगारी पकडला होता, संतोष अहिरे. त्याने नाल्यावरच्या पुलाखालून साखळी काढून दिली, असा पंचनामा होता. मला राहून राहून तोच आठवतो. का, ते विचारू नकोस.

मामा


गंगापूर रोड, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

मामा,

सापडलं! आधी हे वाक्य वाचा, मग बाकीचं. तुम्ही आरोपी नाही, तुम्ही साक्षीदार आहात. म्हणून कुठल्याच यादीत तुमचं नाव नाही. त्या याद्या आरोपींच्या आहेत.

या वेळी मी तुमचं नाव टाकलंच नाही, संतोष अहिरेचं टाकलं. २०२३ सालच्या खटल्यात तो निघाला. खटला उघडला की खाली प्रत्येक तारखेची नोंद असते, त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची. ती कोणालाही वाचता येते. मी सगळ्या वाचल्या. "पंच निवृत्ती पगार गैरहजर. समन्स पुन्हा काढावे." मग, "पत्त्यावर मिळून येत नाही." मग, "वॉरंट काढावे." मग पुन्हा, "मिळून येत नाही." तुम्ही साक्षीला आला नाहीत म्हणून तुम्हाला आणायचं वॉरंट आहे ते! तुम्हाला कोणी पकडायला बसलेलं नाही मामा, सगळे तुमची वाट बघत बसलेत.

आमच्या कॉलेजला विधी शिकवायला एक वकील येतात, त्यांना नाव न सांगता विचारलं. म्हणाले, कोर्टासमोर हजर व्हायचं, चुकलो म्हणायचं, वॉरंट रद्द होतं. मी तशीच सातपूरला गेले. मामीने ऐकलं आणि जमिनीवर बसलीच. म्हणाली, "कागदावर जे लिव्हलंय तेच सांगा म्हणावं, आन घरी या. मला डोळ्यात थेंब घालायला माणूस पायजे."

आनंदात आणखी एक गोष्ट वाचली होती, ती रात्री पुन्हा आठवली. प्रत्येक तारखेला लिहिलंय, "आरोपी कोठडीतून हजर." त्याला जामीन मिळालेला नाही. सव्वादोन वर्षं तो आत आहे. बाकी सगळ्यांच्या साक्षी झाल्या. दुसरा पंच मयत असल्याची नोंद आहे. राहिलात फक्त तुम्ही. म्हणजे तुमच्यामुळे तोही अडकलाय. तर आता लवकर या, तुमचंही सुटेल आणि त्याचंही काय ते होईल. येत्या बुधवारी पेठच्या गाडीवर मी उभी राहते.

राखी


करंजटेंभी
१७ फेब्रुवारी २०२५

राखी,

बुधवारी तू स्टँडवर उभी राहिली असशील. माफ कर.

तुझं पत्र वाचून मी आधी हसलो. इतक्या दिवसांनी हसलो की गावित बघायला आले. मग त्याच्या कोठडीची ओळ वाचली. तो सव्वादोन वर्षं आत आहे हे मला माहीत नव्हतं. जामिनावर सुटला असेल, दुसरीकडे रंग मारत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मी पुलाखाली गेलोच नव्हतो. त्या दिवशी मी टपरीसुद्धा सोडली नाही. गिऱ्हाईक होतं, हातात गाळणं होतं. चौकीतून कागद आला, सगळा लिहून तयार. "भाऊ, इथं करा." मी हात पुसला आणि सही केली. त्यात काय लिहिलंय ते मला दुसऱ्या दिवशी बोलता बोलता कळलं. त्या माणसाला मी पाहिलंय फक्त चौकीच्या खिडकीतून, पाठमोरा. त्याने चोरी केली की नाही ते देवाला माहीत. त्याने माझ्यासमोर काही काढून दिलं नाही, एवढं मला माहीत.

आता सांग, कुठे येऊ? मामी म्हणते कागदावरचं सांगा. शपथ घेऊन तसं सांगितलं तर तो आत राहणार, माझ्या शब्दावर. खरं सांगितलं तर कोर्ट विचारणार, मग सही का केलीस? त्याला माझ्याकडे जबाब नाही. आणि न येता इथेच राहिलो तरी तो आतच. मी कुठेही गेलो तरी कोणीतरी आत जातंय. मला लय भीती वाटते, राखी. साठीला आलेला माणूस भाचीला हे लिहितोय याची लाजही वाटते.

मामा


गंगापूर रोड, नाशिक
१ मार्च २०२५

मामा,

तुमचं पत्र आईला दाखवलं नाही.

खरं सांगते, पहिल्यांदा वाचल्यावर मनात आलं की हे फाडून टाकावं आणि तुम्हाला लिहावं, मामी म्हणते तेच बरोबर, हो म्हणा आणि घरी या. कोण तो अहिरे? आपला कोण लागतो? असा विचार मी अर्धा दिवस केला. मग मलाच माझी किळस आली.

वकिलांना पुन्हा गाठलं. त्यांनी विचारलं, "हे तुमच्या ओळखीतले आहेत ना?" ते म्हणाले, कोर्टात शपथेवर खोटं सांगणं हा खरा गुन्हा. खरं सांगितलं तर सरकारी वकील चिडतील, पोलीस चिडतील, न्यायाधीश झापतील. पुढे काही होणारच नाही, अशी हमी कोणी देणार नाही. मीही तुम्हाला ती देत नाही. खोटा धीर देऊन बोलावलं तर तुम्ही अर्ध्या वाटेवरून पळाल. कोर्टाबाहेर अर्धी दाढी करायला मोरी नाही.

मी रागावले आहे. तरी उत्तर लिहा.

राखी


गंगापूर रोड, नाशिक
२४ मार्च २०२५

मामा,

तीन आठवडे तुमचं पत्र नाही. हे स्पीड पोस्टाने पाठवतेय.

आज संतोष अहिरेच्या खटल्याची तारीख होती. साइटवर दिसली, म्हणून मी अर्धी रजा टाकून कोर्टात गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. बाकावर त्याची बायको शेजारी बसली, सविता. एकलहऱ्याच्या बाजूला राहते, चार घरची धुणीभांडी करते. मुलगी तिसरीत आहे. मी न विचारता ती बोलत होती, कोर्टात सगळेच बोलतात.

ती म्हणाली, "आज अर्ज दिलाय ताई. गुन्हा कबूल करतो म्हून. जेवढी भोगली तेवढीच शिक्षा धरतील, असं आतल्या लोकांनी सांगितलं त्याला."

मी विचारलं, "केलंय का त्यांनी?"

"त्या दिवशी ते गंगापूर रोडला बंगला रंगवत होते. पण कोणाला पटवून देऊ? पंच यीना, तारीख सरना. मग खरं धरून काय करायचं? घरी तरी येतील." मग तिने मला विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

मी म्हटलं, "आत नाही, बाहेर आहे." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

मामा, जे त्याने केलंच नसेल ते तो कबूल करणार आहे, कारण तुम्ही येत नाही. कबूल केलं की तो जन्मभर चोर. रंगाच्या कामाला घरात कोण घेईल? न्यायाधीशांनी अर्जावर निर्णय दिलेला नाही, पुढची तारीख १५ एप्रिल ठेवली. त्यानंतर तुमच्या साक्षीची कोणालाच गरज राहणार नाही. वॉरंटही आपोआप संपेल आणि तुम्ही खुशाल घरी याल.

यापुढे मी काही शोधून देणार नाही.

राखी


करंजटेंभी
५ एप्रिल २०२५

राखी,

मार्चात मी गुजरातेत, धरमपूरकडे निघालो होतो. हद्दीपाशी गाडी थांबली तेव्हा उतरलो आणि दुसऱ्या गाडीने परत आलो. तिकडे जाऊनही असाच जाळीखाली बसलो असतो.

१५ तारखेला येतो. मामीला आत्ता सांगू नकोस, आशा लागली की ती झोपत नाही. आणि तू कोर्टात येऊ नकोस. तुझ्यासमोर ते बोलायला माझी जीभ वळणार नाही.

मामा


सातपूर, नाशिक
१६ एप्रिल २०२५

राखी,

काल संध्याकाळी तू आलीस, मामीने पुरणपोळी केली, तुझी आई येऊन रडली, सगळं झालं. तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा "झालं एकदाचं" म्हणालो. तोंडाने सांगवत नाही. लिहायची सवय लागली आहे, म्हणून लिहितो. हे मामीच्या हातून तुला मिळेल.

मी सकाळी साडेदहालाच कोर्टात जाऊन बसलो. कोर्टातल्या पोलिसाने मला ओळखलं. म्हणाला, "निवृत्तीभाऊ, कुठं गायब? बरं झालं आला. हा घ्या कागद, एकदा वाचून घ्या." अडीच वर्षांपूर्वीची माझीच सही होती. मी म्हणालो, "वाचायचं काय? मला पाठ हाय." तो खूश झाला.

आधी वॉरंटचं झालं. न्यायाधीश बाई आहेत. त्यांनी विचारलं, "का आला नाहीत?" मी म्हणालो, "भीती वाटली." त्या म्हणाल्या, "साक्षीदाराला कसली भीती?" मग ताकीद दिली आणि वॉरंट रद्द केलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. ज्याच्यासाठी आठ महिने जीपचा आवाज ऐकत बसलो, ते पाच मिनिटांत संपलं.

मग शपथ दिली. सरकारी वकिलांनी सही दाखवली. माझीच, म्हणालो. आरोपीने तुमच्यासमोर पुलाखालून साखळी काढून दिली का? मी म्हणालो, "मी पुलाखाली गेलो नाही साहेब. मी टपरीवर चहा गाळत होतो. कागद लिहून आला होता, मी नुसती सही केली." मग वकील चिडले. आरोपीच्या बायकोने तुम्हाला फितवलं का, कोणी दम दिला का, असं अर्धा तास चाललं. मी एकच सांगत राहिलो. कठड्याला धरून उभा होतो. न्यायाधीशबाईंनी मध्येच लेखणी ठेवली आणि विचारलं, "अशा न बघता आणखी किती सह्या केल्यात?" मी म्हणालो, "आठवतील तेवढ्या सांगतो." त्यांनी तेही लिहून घेतलं. त्याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. नोटीस येईल म्हणतात. या वेळी पत्ता मी बरोबर दिला आहे.

संतोषच्या वकिलाने कबुलीचा अर्ज मागे घेतला. निकाल ३० तारखेला आहे. सुटेलच असं कोणी म्हणालं नाही, पण सविता म्हणून तू लिहिलं होतंस ती बाई बाकावर बसून पदराने तोंड पुसत होती.

तुला जे सांगवत नव्हतं ते आता लिहितो. बाहेर व्हरांड्यात पोलीस त्याला गाडीकडे नेत होते. मी भिंतीला टेकून उभा होतो. तो माझ्यासमोर थांबला. मी त्याला पहिल्यांदाच समोरून पाहिलं. वाळलेला आहे, कानाजवळ केस पांढरे झालेत. मला वाटलं, हात जोडेल किंवा शिवी देईल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही.

त्याने विचारलं, "इतके दिवस कुठं होता, बाबा?"

मी म्हणालो, "लपलो होतो."

तो म्हणाला, "कोणापासून?"

पोलिसाने त्याला पुढे नेलं. गाडीचं दार लागलं, गाडी फाटकातून बाहेर गेली, तेव्हा मला कळलं की त्याच्यापासूनच.

मामा